मदत हवी आहे: पहिल्या महीपालाचा सारनाथ लेख कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी. बंगाल-बिहारवर राज्य करणाऱ्या पाल घराण्याची कालगणना जुळवताना एका जागी गाडी अडली आहे. बाणगड ताम्रपटात (राज्यवर्ष 9, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष) महीपालाने ‘अनधिकृतविलुप्तं’ पित्र्य राज्य, म्हणजे हक्क नसलेल्यांनी लुबाडलेलं, परत मिळवल्याचं स्वच्छ म्हटलंय. पण ताम्रपट, मूर्तिलेख सगळीकडे फक्त राज्यवर्षं, संवत नाही. संवत मिळतो तो सारनाथला, बुद्धमूर्तीच्या पीठावर: विक्रम संवत 1083, पौष, दिन 11. म्हणजे इ.स. 1026. त्यात म्हटलंय की स्थिरपाल आणि वसंतपाल या भावांनी धर्मराजिका स्तूप दुरुस्त केला, नवी दगडी गंधकुटी (बुद्धमूर्तीचं मंदिर) उभारली.

मेख अशी की, याच लेखात महीपालाने काशीत कामं करवली हा मजकूर भूतकाळी आहे. तेव्हा राजा हयात नव्हता असं धरलं, तर बिहारमधल्या इमादपूरच्या कांस्यमूर्तींवरचं महीपालाचं राज्यवर्ष 48 सांभाळायला राज्यारोहण 978 किंवा त्याआधी न्यावं लागतं. एका क्रियापदावर एवढा डोलारा उभा करणं मला पटत नाही.

संस्कृत शिलालेख वाचणाऱ्यांनी कृपया सांगावं: राजा हयात असतानाही असा भूतकाळ वापरलेले दिनांकित लेख कोणते? पीठावरच्या लेखाच्या ठशाचा (कागदावर उमटवलेल्या प्रतीचा) स्पष्ट फोटो असेल तर तोही टाका.