गंजावर थेट शीट नको

गाडीच्या फ्लोअरच्या पत्र्यावरच्या गंजावर सरळ डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारी चिकट शीट) चिकटवली की हवा बंद होऊन गंज थांबतो, असं काहीजण म्हणतात. थांबत नाही. सांध्यात मुरलेली ओल त्याला पुरते, फक्त तो दिसेनासा होतो.

सीट काढण्याआधी बॅटरी सोडवा, खाली एअरबॅगचे कनेक्टर असू शकतात. कार्पेटखालचं फेल्ट (जाड कापडी थर) हाताने दाबून बघा. कोकणातल्या गाड्यांत पावसाळ्यानंतर ते बऱ्याचदा ओलं असतं, आणि खरा गुन्हेगार तोच. पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय पुढचं सगळं वाया. वायर ब्रशने सुटा गंज काढा, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज स्थिर करणारं रसायन) लावा, पूर्ण वाळलं की प्रायमर आणि रंग. स्क्रूड्रायव्हर पत्र्यातून आरपार जात असेल तर वेल्डिंगच.

डांबरी शीट स्वस्त, पण उन्हात वास मारते. ब्युटाइल रबराची शीट घ्या, रोलरने घट्ट दाबा. सगळा फ्लोअर मढवायची हौस नको. सपाट भागाचा पाव हिस्सा झाकला तरी पत्र्याची थरथर बरीच कमी होते. टायरच्या आवाजाला वरून फोम आणि जड रबरी थर लागतो. फ्लोअरची रबरी बुचं तेवढी शीटखाली झाकू नका.