एम.व्ही.ए. (दृश्यकलेतली पदव्युत्तर पदवी) पेंटिंग: गाईडच्या भेटीत नेमकं काय दाखवायचं?

रंगखोका:
पहिलं वर्ष, दुसरं सत्र. गाईड सर पंधरवड्यातून एकदा स्टुडिओत येतात, जेमतेम वीस मिनिटं. ‘छान चाललंय, चालू ठेव’च्या पुढे गाडी जात नाही. विभागातल्या मॅडम नेमकं उलट सांगतात. एप्रिलात डिस्प्ले, म्हणजे कामांची मांडणी, आहे. तयारी कशी करावी?

खरडवही:
‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘छान’ हेच उत्तर येणार.

सर यायच्या आधी भिंत रिकामी करा. सहा-सात कामं लावा, त्यांत फसलेली दोन हवीतच. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सें.मी. वर ठेवा; जमिनीवर टेकवून ठेवलेलं चित्र वरून बघितलं जातं आणि चर्चा भलतीकडे जाते. क्रम आवडीचा नको, केलेल्या तारखांचा लावा, म्हणजे काम कुठे वळलं ते दिसतं. मग एकच नेमका प्रश्न: ‘पहिल्या दोनांत कडा तीक्ष्ण ठेवल्यात, तिसऱ्यात विरघळवल्यात, अवकाश कुठे उघडतोय?’ याला ‘छान’ म्हणून सुटता येत नाही.

टिपणं वर्गमित्राला घ्यायला सांगा. स्वतः लिहायला बसलात तर सरांचं बोट कुठल्या कोपऱ्याकडे होतं ते निसटतं, आणि निम्मी सूचना त्या बोटातच असते.

सांगितलेला बदल त्याच दिवशी मूळ कॅनव्हासवर करू नका. ए-फोर कागदावर तीन पर्याय करून बघा. तैलरंगात तर नक्कीच थांबा: खालचा जाड, तेलकट थर वाळलेला नसताना वर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग चढवला, तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि डिस्प्लेपर्यंत तडे दिसू लागतात. मग सूचना चुकीची होती की घाई नडली, हेही कळत नाही.

तिरपी_रेघ:
सर-मॅडमच्या विरोधाबद्दल: दोघांना एकाच चित्रासमोर उभं करून विचारा. पुष्कळदा एक प्रतिमेबद्दल बोलत असतो, दुसरा पृष्ठभागाबद्दल. भांडण नसतंच.

आणि खरंच मतभेद असतील तरी बिघडत नाही. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन शांतिनिकेतनात नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांच्याकडे शिकले. तिघांची चित्रं शेजारी ठेवून बघा, एकाची वाट दुसऱ्याशी जुळत नाही. पुढे १९५१ मध्ये ते बडोद्याला शिकवायला आले. तिथे पेंटिंगला चित्रकार ना. श्री. बेंद्रे होते, तो आणखी वेगळा पिंड. गाईड मात्र एकच ठेवा. सहीही त्यांचीच लागते.

जस्ताचा_पत्रा:
मुद्राचित्रणवाल्यांसाठी (प्लेट कोरून कागदावर छाप घेणाऱ्यांसाठी): फक्त शेवटचा प्रिंट दाखवून उपयोग नाही. प्रत्येक टप्प्याचा प्रूफ (चाचणी छाप) ठेवा, मागे पेन्सिलीने आम्लाचं प्रमाण आणि प्लेट किती मिनिटं बुडवली ते लिहा. ॲक्वाटिंटमध्ये (प्लेटवर राळेचे दाणे चिकटवून आम्लाने छटा आणायची पद्धत) काळा हवा तिथे फिका करडा आला, तर बहुधा राळेची पूड विरळ पडलेली असते किंवा आम्लात दाणे उडून गेलेले असतात. मग आम्ल सगळा भाग सारखाच खातं आणि त्या सपाट खोलगट जागेत शाई धरून ठेवायला काही उरत नाही, ती पुसताना निघून जाते. नोंद असेल तर गाईड दोन मिनिटांत कारण सांगतील, नाहीतर शाईलाच दोष दिला जातो.

रंगखोका:
आभारी आहे. सर कधीकधी ब्रश घेऊन माझ्याच चित्रात दुरुस्ती करतात. नाही कसं म्हणायचं?

खरडवही:
म्हणायची गरजच नाही. जुन्या ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट चित्रावर मास्किंग टेपने चिकटवा आणि हातात मार्कर द्या: ‘सर, यावर दाखवाल का?’ रंग ओला असेल तर शीट टेकवू नका, चित्राचा फोटो छापून त्यावर काढायला द्या. शीटवर तारीख टाकून जपून ठेवा, डिसर्टेशनमध्ये प्रक्रियेच्या प्रकरणाला कामी येते. आणि ते प्रकरण पाच-सहा पानांच्या तुकड्यांत, भेटीच्या दहा दिवस आधी द्या. साठ पानांचा गठ्ठा एकदम दिला तर न वाचताच परत येतो.