मदत हवी आहे: 'तकशीफ'साठी मराठी शब्द

सातवीच्या मुलांना सहारातल्या उंटांच्या तांड्यांबद्दल सांगायचं आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1352 मध्ये सहाराच्या उत्तर कडेच्या सिजिलमासा शहरातून निघून 25 दिवसांनी मिठाच्या खाणींच्या तघाझाला पोचला. तिथली घरं मिठाच्या लाद्यांची, वर उंटाची कातडी! पुढे सहाराच्या दक्षिण कडेच्या वलाता गावाकडे जाताना पाणी संपायचं, म्हणून तांडा मसूफा जमातीच्या एका माणसाला आधी एकट्यालाच पुढे पाठवायचा. तो तकशीफ. तो वलाताच्या लोकांना पत्रं द्यायचा, मग ते पाणी घेऊन चार रात्रींच्या अंतरावर सामोरे यायचे. तो वाटेत मेला तर मागचा बहुतेक तांडा तहानेने मरायचा. मेहनताना 100 मिस्काल (सोनं तोलायचं जुनं वजन) सोनं, आणि मला तो मुळीच जास्त वाटत नाही.

'वाटाड्या' जमत नाही, कारण तो सोबत चालतो. 'जासूद' म्हटलं की मुलांना हेर वाटतो. 'सांडणीस्वार' जवळचा, पण त्यातून सरकारी टपालच डोळ्यांपुढे येतं. 'अग्रदूत' फार पुस्तकी. मूळ शब्द ठेवणारच आहे, पण पहिल्यांदा सांगताना जोडीला एकच, बोलीतला शब्द हवाय. लमाणांच्या मीठ वाहणाऱ्या बैलतांड्यांत पाणी आणि मुक्काम बघायला पुढे जाणाऱ्या माणसाला काही नाव होतं का? गोरमाटी बोलणाऱ्या कुणाच्या घरात ते ऐकलंय का?