लोकर घ्यायला एवढ्या लांब जायचं का? (एडिंबरा, शेटलंड, आणि विमानात सुया)

सुलट_उलट

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा काढायची पहिलीच वेळ (लोकरीचा सोडून). चुकीच्या विभागात आला असेल तर सांगा, हलवते.

लेक जावई एडिंबराला असतात, डिसेंबरात बाळ येणारे, म्हणून आम्ही दोघं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतोय ते थेट फेब्रुवारीपर्यंत. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा वगैरे यादी झालीय, त्याचे सल्ले नकोत, घरात देणारे भरपूर आहेत. माझा प्रश्न विणकामाचा आहे.

मी रोज विणते. रोज म्हणजे रोज. बँकेत होते तेव्हा बसमधे आणि डबा खाऊन उरलेल्या वेळात, आता सकाळी यांचं पेपरवाचन चालतं तेव्हा आणि रात्री सिरियल बघताना. कुकरच्या तीन शिट्ट्यांत बाळाच्या स्वेटरच्या दोन ओळी होतात, घड्याळ बघावं लागत नाही. बिल्डिंगमधल्या अकरा बाळांना टोपरी मोजे झालेत, त्यातली दोन आता इंजिनियर आहेत.

तर पहिली गोष्ट, विमानात सुया नेऊ देतात का? मागे आपल्याकडच्याच एका विमानतळावर सिक्युरिटीतल्या मुलीने माझ्या हातातल्या विणकामातून सुया सरळ उपसून काढल्या, ११२ टाके हवेत, मी तिथेच खाली बसायची बाकी होते. दुसरं म्हणजे नंबरांचा घोळ. माझ्या सुया आईच्या, आठ दहा आणि बारा नंबरच्या. लेकीने तिकडून एक पॅटर्न पाठवला त्यात सुई आठ लिहिलेलं, मी आपल्या आठवर विणलं तर टोपरं करवंटीएवढं झालं, बाळाला काय, बाहुलीलाही बसणार नाही. आणि तिसरं, लेक म्हणतेय आई तू शेटलंडला (स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं) जाऊनच ये, विणणाऱ्यांची पंढरी आहे ती. यावर आमच्या यांच्याकडून आलेलं उत्तर असं की लोकर तुळशीबागेत मिळते, त्यासाठी रात्रभर बोटीत बसून उत्तर समुद्रात जायची काय गरज. खरं सांगू तर मलाही कळत नाहीये. जाण्यासारखं आहे का? कोणी गेलंय का?

थंडीतली_मुंगी

सुलटताई, मी एडिंबरालाच, नववा हिवाळा. आधी सुयांचं सांगते. ब्रिटनच्या सरकारी यादीत विणायच्या सुया हातातल्या बॅगेत चालतात असं स्वच्छ लिहिलंय, सहा सेंटीमीटरपर्यंत पात्याची कात्रीही चालते. म्हणजे इकडून परतताना काही नाही. आपल्याकडून निघताना मात्र समोर कोण उभं आहे त्यावर असतं, वाद घालण्यात अर्थ नाही, मागे लाइन लागलेली असते. मी काय करते, लाकडी सर्क्युलर सुई घेते (दोन छोट्या सुया, मधे लवचिक तार), ती विणकामासारखी दिसते, हत्यारासारखी नाही. आणि निघायच्या आदल्या रात्री सगळ्या टाक्यांतून एक जाड सुती दोरा ओवून ठेवते. सुई काढून घेतली तरी टाके दोऱ्यावर बसून राहतात. आईच्या सुया चेक-इनमधे टाका, साडीच्या घडीत. आईच्या आहेत, एक गेली तर तुम्ही पुढचे सहा महिने तेच बोलत बसाल (अनुभव).

एडिंबरात आलात की आधी नॅशनल म्युझियम बघा, चकटफू आहे. तिथल्या संग्रहात एक विणलेली छोटी पिशवी आहे. १९५१ साली शेटलंडमधे गनिस्टर म्हणून जागा आहे तिथे जळणासाठी पीट (दलदलीतली जळाऊ माती) खणताना एका माणसाचं दफन सापडलं, सतराव्या शतकाच्या शेवटचं. माणूस जवळजवळ विरघळून गेलेला पण कपडे टिकलेले, त्या दलदलीच्या मातीत लोकर टिकते. टोप्या, हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे मोजे, सगळं हाताने विणलेलं, आणि पिशवीत डच आणि स्वीडिश नाणी. त्या पिशवीवर रंगीत नक्षीचे पट्टे आहेत. आधी बघा की बाहेर कुठे मांडलीय, पण तिच्यासमोर उभं राहिलं की तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी इथेच टाके मोजत बसलं होतं हे एकदम अंगावर येतं.

शेटलंडला जा. नक्की जा. सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर सुरुवात तिथे वूल वीक असतो, २०१० पासून चालू आहे. क्लासेस फार लवकर भरतात, आता मिळणं कठीण, पण क्लासशिवायही मजा आहे. दरवर्षी एका टोपीचा पॅटर्न काढतात आणि आलेले लोक तीच टोपी विणून, घालून येतात, प्रत्येकाचे रंग वेगळे. रस्त्यात अनोळखी माणसं एकमेकांच्या डोक्याकडे बघून हसतात.

आळशी_बोका

मी विणत नाही, बायको विणते. तुमच्या अहोंची बाजू घ्यायला आलोय. बॅगेत लोकरीला एक किलो ठरलेला असतो आणि परत येताना माझे बूट माझ्या पायात आणि माझी दोन जॅकेटं माझ्या अंगात असतात. बाकी काही म्हणणं नाही.

लडगुंडा

नंबरांचा घोळ सोपा आहे हो. आपल्याकडच्या जुन्या सुयांना जुने ब्रिटिश नंबर आहेत, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. आपली आठ म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, बारा म्हणजे पावणेतीन. अमेरिकन नंबर बरोब्बर उलटे, आकडा वाढला की सुई जाड, त्यांची आठ म्हणजे ५ मिलिमीटर. तुमचा पॅटर्न अमेरिकन असणार, म्हणून करवंटी झाली. इथून पुढे नंबर विसरा, फक्त मिलिमीटर बघा. आणि आधी चार इंचाचा नमुना विणून टाके मोजा, हे मी सांगतेय आणि मी स्वतः कधीच करत नाही.

तिकडे सुया विकत घेऊ नका म्हणजे झालं. मी एकदा परदेशात एका गोड दुकानात रंगीत लाकडी सुयांच्या प्रेमात पडले, पौंड मोजले, हॉटेलवर येऊन पाकीट उलटं करून बघते तर जयपूरच्या निघाल्या. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

शेटलंडला मी गेले नाही, आइसलंडला गेलेय. रेक्याविकमधे त्या मोठ्या चर्चकडे चढत जाणारा रस्ता आहे तिथे हाताने विणणाऱ्यांच्या संघटनेचं दुकान आहे, १९७७ ची संघटना, बायकांनीच काढलेली, विणलेलं नीट विकलं जावं म्हणून. गळ्याभोवती गोल नक्षी असते ना तो स्वेटर, लोपापेसा. तिकडच्या मेंढीला दोन थरांची लोकर असते, बाहेरची लांब राठ, पाणी आत येऊ देत नाही, आणि आतली मऊ उबदार. टोचते मात्र. मी तर म्हणेन चांगलीच टोचते, आतून फुल बाह्यांचा टीशर्ट हवाच, बाळासाठी विचारही करू नका. न पिळलेली लोकरही मिळते, नुसती पेळूसारखी चकती, ओढली की तुटते आणि दोन टोकं ओल्या तळहातावर घासली की परत जुळते. ते मी दुकानातच तीनदा करून बघितलं, मग विकत घ्यावीच लागली.

आणि हो, कोणी आयरिश अरान स्वेटर दाखवत प्रत्येक घराण्याचा पॅटर्न वेगळा, बुडालेला कोळी स्वेटरवरून ओळखायचे, अशी गोष्ट सांगू लागलं तर ऐका आणि सोडून द्या. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका आयरिश नाटकात बुडालेल्या भावाला बहीण ओळखते ती मोज्यावरून, त्यात तिचे चार टाके गळलेले असतात म्हणून. नंतर विकणाऱ्यांनी त्याचं घराण्याचं पॅटर्न करून टाकलं. मला विचाराल तर गळलेल्या टाक्यांची गोष्टच जास्त खरी वाटते, मीही माझं विणलेलं तसंच ओळखते.

गळका_टाका

वरच्या ओळीवरून आलो, आयडीच माझा आहे. मी पुरुष आहे आणि विणतो, कोल्हापूर, वय ४१. आजीने शिकवलं, आजारपणात अंथरुणावर होतो तेव्हा. आमच्या गल्लीत यावर काय काय ऐकलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताई, जाण्यासारखं आहे का म्हणून विचारलंत, मी विणकामासाठी पेरूला गेलोय. म्हणजे गेलो होतो ऑफिसच्या कामाला, लिमाला, पण चार दिवस जोडून घेतले आणि पुनोला जाऊन तिथून बोटीने ताकिले बेटावर गेलो. तितिकाका सरोवर, ३८०० मीटर उंची, दहा पायऱ्या चढलं की दम लागतो. तिथे विणतात पुरुष. बायका सूत काततात आणि मागावर पट्टे विणतात, सुयांचं काम बाप्यांचं. मुलगा लहान असतानाच शिकतो. युनेस्कोने २००५ मधे त्यांच्या कापडकलेला मान दिलाय. टोपीवरून कळतं लग्न झालंय का, झालेल्याची सगळी लाल नक्षीची, न झालेल्याची वरचा भाग पांढरा.

चौकात दगडी बाकावर एक आजोबा बसलेले, धागा मानेमागून घेतलेला. आपण बोटाला गुंडाळतो तो ताण ते मानेवर घेतात आणि अंगठ्याने धागा नुसता ढकलतात, हात हलतोय का नाही कळत नाही. माझ्या बॅगेत अर्धा मोजा होता, तो काढला आणि शेजारी बसलो. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, आतली बाजू बघितली. आधी आतली बाजू! माझी टाच बघून बोटाने एका जागी टोचलं, तिथे भोक राहिलं होतं. मला स्पॅनिश येत नाही आणि आजोबांची भाषाही केचुआ. काही अडलं नाही. वीस पंचवीस मिनिटं बसलो असू. गल्लीतल्यांची आठवण आली तेव्हा.

लोकर तुळशीबागेत मिळते हे बरोबरच आहे. भोक दाखवणारे आजोबा नाही मिळत.

सुलट_उलट

सगळ्यांचे खूप आभार. यांना गळका_टाका यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले बोट लागते मला. म्हणजे होकार आहे. आवळासुपारी आणि आलेपाक घेतेय. बोका भाऊ, एक किलो मान्य.

सुलट_उलट (१४ ऑक्टोबर)

आलो जाऊन! परवाच परत आलो, लेकीकडे पाय वर घेऊन बसलेय आणि लिहितेय.

सुया आल्या. मुंगीताईंचा दोरा ओवला होता, लाकडी सर्क्युलर होती, यावेळच्या मुलीने बघितलं आणि विचारलं काकू, बाळाचं का. एवढंच. मी उगाच दोन रात्री झोपले नव्हते.

एडिंबराहून ॲबर्डीनला ट्रेन आणि तिथून संध्याकाळी सातची बोट, सकाळी साडेसातला लर्विक. यांना नाही लागली, मला लागली. सगळा आलेपाक मीच खाल्ला. रात्री बोटीच्या हॉलमधे बघते तर जिकडे तिकडे बायका सुया घेऊन बसलेल्या, कॅनडाच्या, जपानच्या, दोन जर्मन, आणि बोट हलतेय तरी कोणाचा हात थांबत नाहीये. मी पण काढलं. एकीने माझ्या विणकामाची आतली बाजू बघितली, मला हसूच आलं, गळका_टाका तुमची आठवण आली.

लर्विकमधे जेमिसन अँड स्मिथ म्हणून दुकान आहे, तिथल्या बऱ्याच शेतकऱ्यांची लोकर ते विकत घेतात. २५ ग्रॅमचे छोटे छोटे गुंडे आणि रंग नावाने नाही, नंबराने. भिंतभर. करडा म्हणजे किती प्रकारचा करडा असावा, शेटलंडी मेंढ्याच एवढ्या रंगांच्या असतात, काही लोकर रंगवायलाच लागत नाही. हे दाराशी उभे होते ते आत आले आणि एक काळपट तपकिरी उचलून म्हणाले हा माझ्या बंडीला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून रंग सांगितला त्यांनी.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. एका हॉलमधे तिथल्या आज्या विणून दाखवत होत्या. एकीच्या कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर उजव्या बाजूला गादीसारखा भाग, आत घोड्याचे केस भरलेले आणि वर भोकंच भोकं. उजवी सुई त्या भोकात खोचायची, म्हणजे सुईचं वजन पट्ट्यावर आणि हात मोकळा. सुयांना त्या वायर म्हणतात. पूर्वी बायका पाठीवर पीटची टोपली घेऊन चालता चालता अशा विणायच्या, आणि विणलेलं देऊन वाण्याकडून पीठ चहा आणायच्या, पैसे हातात मिळायचेच नाहीत कित्येकदा. ते ऐकून मला आई आठवली, शिवणाच्या बदल्यात दूध यायचं आमच्याकडे. मी पट्टा बांधून बघितला. पहिले दहा टाके सुई कुठे आणि मी कुठे, आजी हसून हसून बेजार. मग जमलं. कुकरच्या तीन शिट्ट्यांत चार ओळी होतील बघा.

आणि दुसऱ्या दिवशी जे बघितलं त्याने पोटात गोळा आला. स्वेटर पूर्ण गोल विणतात, पुढचं उघडं ठेवतच नाहीत, नळकांडंच. मग मधोमध थोडे जास्तीचे टाके असतात तिथे सरळ कात्री चालवतात! विणलेल्यावर कात्री! मी तर तोंडावर हात धरला. तर काहीच उसवलं नाही. लोकर इतकी केसाळ की टाके एकमेकांना धरून बसतात. आपल्या ॲक्रिलिकवर कोणी करू नका, मी लेकीकडे एका नमुन्यावर करून बघितलं, झाडून गोळा करावं लागलं.

वजन तीन किलो दोनशे झालं. बोका भाऊ, यांनी बूट घातलेत.

आता एक अडचण. बाळासाठी दोन रंगात छोटे हातमोजे केलेत, लोकर मऊ मेरिनो घेतलीय, पण मागच्या बाजूला न वापरलेल्या रंगाचे धागे आडवे लोंबतात त्यात बाळाची बोटं अडकतील का? माझं एक बोट घातलं तर अडकलं.

लडगुंडा

अडकतील. अगदी हमखास. धाग्याला दर तीन चार टाक्यांनी मागून अडकवत गेलात तर थोडं बरं पण हातमोज्यात नकोच, एवढंसं बोट कुठेही शिरतं. दोन रंग टोपीला ठेवा, तेही आतून सुती अस्तर लावून. हातमोजे एका रंगात करा.

थंडीतली_मुंगी

लडगुंडाला मोदक (म्हणजे अनुमोदन). आणि डिसेंबरात हातमोजे राहतातच कुठे, पहिल्या पाच मिनिटांत एक रस्त्यावर पडतो. मधे दोरी लावून बाह्यांतून घाला.

सुलट_उलट

बरं. उसवते. चार दिवसांचं काम होतं, यांना अजून सांगितलं नाहीये.