मेंदीवर नीळ लावूनही कानशिलं केशरीच राहतात, काय चुकतंय?

गवतीचहा

नमस्कार मंडळी. केमिकल डाय बंद करून मेंदी आणि नीळ यांवर यायचं आहे. केस खांद्यापर्यंत, निम्म्याहून जास्त पांढरे. सगळ्यात पांढरे कानशिलांवर आणि भांगात. सध्याची कृती जशीच्या तशी देते:

मेंदी १५० ग्रॅम, त्यात अर्धी वाटी दही, एक अंडं, दोन लिंबांचा रस, चमचाभर खोबरेल. लोखंडी कढईत रात्रभर भिजवते. सकाळी लावून २ तासांनी धुते. मग नीळ पावडर १०० ग्रॅम, उकळत्या पाण्यात कालवून (यातही अर्धं लिंबू) तासभर झाकून ठेवते. ती पाऊण तास लावते. संध्याकाळी शॅम्पू.

डोक्यावर तपकिरी रंग येतो, पण कानशिलं भगवी दिसतात. दोन आठवड्यांत उरलेलंही लाल पडतं. पाणी बोअरचं आहे, त्याचा संबंध असेल का? आणि दोन्ही पावडरी एकत्र कालवल्या तर एका बैठकीत काम होईल का?

---

रानजाई

गवतीचहा, कृती इतकी नीट लिहिलीत की चूक शोधायला वेळच लागला नाही. तुम्ही मेंदी आणि नीळ यांना एकच वागणूक देताय. या दोघींचे स्वभाव अगदी उलटे. मेंदीला थोडा आंबटपणा आणि भरपूर वेळ लागतो. निळीला आंबट चालत नाही आणि कालवून ठेवलेलं तर मुळीच चालत नाही.

आधी निळीबद्दल, कारण तुमचं खरं नुकसान तिथे होतंय. निळीच्या पानात निळा रंग तयार नसतो. पाणी लागलं की पानातलंच एक एन्झाइम कामाला लागतं आणि रंगाचं कच्चं रूप सुटं होतं. हे कच्चं रूप पाण्यात विरघळतं, म्हणून केसात शिरू शकतं. हवा लागली की त्याचा पक्का निळा कण होतो. तो केसात शिरला असताना झाला तर आतच अडकतो. भांड्यात झाला तर तुम्ही केसांना नुसता निळा चिखल लावताय. उकळत्या पाण्याने ते एन्झाइम मरतं, लिंबाने त्याचं काम मंदावतं आणि तासभर ठेवल्यावर उरलासुरला रंग भांड्यातच पक्का होऊन बसतो. तिन्हीकडून मार!

निळीची कृती: २०० ग्रॅम पावडर (खांद्यापर्यंतच्या केसांना १०० कमी पडते). पाणी बाळाच्या अंघोळीइतकं कोमट, साधारण ६०० मिली, पण थोडं थोडं घालायचं. चिमूटभर मीठ घातलं तर लगदा जरा धरून राहतो, नाही घातलं तरी अडत नाही. घट्टपणा घावनाच्या पिठापेक्षा दाट, भज्याच्या पिठाइतका. १०-१५ मिनिटं थांबा. वरच्या थरावर निळसर तवंग आला आणि ओल्या पालेभाजीसारखा वास सुटला की लगेच लावायला घ्या. हात सावकाश चालत असेल तर १००-१०० ग्रॅमचे दोन घाणे करा, दुसरा अर्धं डोकं झाल्यावर कालवा. प्लास्टिकची टोपी घालून दीड ते दोन तास.

धुताना फक्त पाणी. शॅम्पू ४८ तास नाही. पहिल्या दिवशी केस हिरवट दिसले तर घाबरून पुन्हा काही लावू नका, हवेत रंग पिकायला दोन दिवस लागतात.

आता मेंदी. अंडं, दही आणि तेल आजच हद्दपार करा. मेंदीतला रंग प्रथिनाला चिकटतो, केसही प्रथिनाचेच. भांड्यात अंड्याचं आणि दह्याचं प्रथिन आयतं मिळालं की रंग आधी तिथेच खर्च होतो. तेलाचा केसावर थर बसतो. दोन लिंबांनी केस कोरडे होतात, तेवढ्या आंबटपणाची गरजच नसते. गार केलेला कोरा चहा पुरतो. १५० ग्रॅम मेंदी, ३० ग्रॅम आवळा पावडर, साधारण ५०० मिली चहा. आवळ्याने भगवेपणा थोडा दबतो आणि वरून नीळ चांगली बसते.

किती वेळ भिजवायची ते घड्याळावर नाही, हवेवर आहे. एप्रिलमध्ये नागपुरात ३-४ तास, डिसेंबरात पुण्यात १०-१२ तास. वरचा थर तपकिरी झाला आणि आत अजून हिरवं आहे, अशा वेळी बोटभर लगदा तळहातावर ५ मिनिटं ठेवून पुसा. स्पष्ट केशरी डाग पडला तर तयार. वाजवीपेक्षा जास्त ठेवली तर मेंदी उतरते. उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेली मेंदी सकाळी अर्धी थकलेली असते.

आणि डोक्यावर २ तास कमी आहेत, पांढऱ्या केसांना ३ ते ४ द्या.

एकत्र कालवण्याबद्दल: मिसळून तपकिरी रंग येतो, काळा नाही. तुरळक पांढरे असतील तर ठीक आहे. निम्म्याहून जास्त पांढरे असताना मात्र दोन पायऱ्याच हव्यात.

---

खलबत्ता

रानजाईंशी सहमत. पावडरीबद्दल भर घालतो, कारण कृती बरोबर असूनही फसते ती बहुतेक वेळा इथे.

निळीची पावडर हिरवी असली पाहिजे. पुडी फोडल्यावर निळी-काळी दिसली तर रंग पुडीतच पक्का झालेला आहे, ती केसात शिरणार नाही. जुनी, ओल लागलेली पावडरही अशीच वाया जाते. घेताना पॅकिंगची तारीख बघा आणि हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा. आणि हो, किराणा दुकानात मिळणारी कपड्यांची नीळ ही ती नव्हे! नावाखेरीज दोन्हींचं काही नातं नाही.

मेंदी वस्त्रगाळ हवी. काड्या आणि भरड असेल तर केसाला सारखी लागत नाही, धुताना निघतही नाही. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथला माल रंगाला चांगला असतो. पण पुडीवर सोजत छापलं म्हणजे आत सोजतचीच असेल असं नाही. पोपटी हिरवी, डोळ्यांत भरणारी पावडर दिसली तर संशय घ्या, रंग मिसळलेला असू शकतो. पाण्यात टाकल्याबरोबर हिरवं पाणी सुटलं तर परत करा.

सगळ्यात महत्त्वाचं, ‘काळी मेंदी’. मेंदी काळी नसतेच. वीस मिनिटांत केस काळे करणाऱ्या पुडीत पीपीडी (पॅरा-फेनिलिनडायमिन) हे रासायनिक रंगद्रव्य असतं, समोर ‘हर्बल’ लिहिलेलं असलं तरी. मागची बारीक अक्षरं वाचा. पीपीडीची अ‍ॅलर्जी लावल्याबरोबर दिसेलच असं नाही. एक-दोन दिवसांनी टाळू खाजते, पापण्या सुजतात, कधी चेहराही. एकदा आली की पुढच्या वेळी जास्त जोरात येते.

शुद्ध पावडरीसाठीही कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा लगदा लावून दोन दिवस बघा. जी-६-पीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमतरता असलेल्यांनी मेंदीच्या वाटेला जाऊ नये.

कढईबद्दल रानजाई काही बोलल्या नाहीत. चहा आणि आवळा यांतलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाला भेटलं की काळं होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची जुनी शाई याच तत्त्वावर. त्यामुळे मेंदी काळपट होते हे खरं आणि फुकटात होते.

---

रानजाई

@खलबत्ता, कढई मुद्दामच गाळली. तो काळेपणा बराचसा केसाच्या वर बसतो, उशीच्या अभ्र्यावर उतरतो आणि केस राठ लागतात. शिवाय पुढे कधी पार्लरमध्ये ब्लीच करायचं ठरलं तर केसांत बसलेलं लोखंड ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी भांडतं, केस तापून तुटू शकतात. वरून नीळ लावणारच असाल तर कढईची गरज नाही. स्टील किंवा काचेचं भांडं घ्या.

नुसत्या मेंदीवर थांबणाऱ्यांना कढई चालेल. त्यांनी चमचाभर काताची पूडही घालून बघावी, भगव्याऐवजी विटकरी-तपकिरी छटा येते. खैराचा खरा कात हवा, पानवाल्याकडचा चुना लागलेला तुकडा नको.

---

गवतीचहा

दोघांचेही आभार. म्हणजे मी निळीचा चिखलच लावत होते! कानशिलांचं मात्र कळलं नाही. सगळीकडे एकच लगदा, मग तिथेच का बसत नाही? आणि बोअरच्या पाण्याचं?

---

तांब्याचा_बंब

कानशिलांचं मी सांगते.

तिथले पांढरे केस जाड, ताठ आणि गुळगुळीत असतात, रंग सहज आत घेत नाहीत. त्यात ते लगद्यातून वर उसळून येतात, कडेला असल्यामुळे लगदा आधी तिथेच वाळतो आणि वाळलेला लगदा रंग सोडत नाही. बहुतेक जण सुरुवात मागच्या बाजूने करतात, म्हणजे कानशिलांना सगळ्यात कमी वेळ मिळतो.

म्हणून क्रम उलटा करा. आदल्या दिवशी साध्या शॅम्पूने धुवा, कंडिशनर आणि तेल नको. लावताना पहिलं बोट कानशिलांवर, मग भांग, मग बाकीचं. अर्ध्या सेंटीमीटरच्या पातळ बटा घेऊन दोन्ही बाजूंनी, मुळाशी बोटाने दाबून लगदा भरा. वरून ओल्या टिश्यू पेपरची पट्टी चिकटवली की केस उसळत नाहीत आणि लगदा ओला राहतो. निळीच्या वेळीही हेच, पण ताज्या घाण्याचा पहिला हात तिथे. कपाळाच्या कडेला आणि कानांना खोबरेल लावा, मात्र केसांच्या मुळापर्यंत जाऊ देऊ नका. कातडीवर डाग पडलाच तर तेलाच्या बोळ्याने जातो.

एवढं करूनही केशरी झाक राहिली तर दोन दिवसांनी फक्त कानशिलांवर २० ग्रॅम नीळ पुन्हा लावा, तासभर. मेंदी पुन्हा नको.

बोअरच्या पाण्यातले क्षार केसांवर बसून पापुद्रा धरतात, त्यावर रंग नीट चढत नाही आणि केस निस्तेज दिसतात. कालवायला आरओचं किंवा पावसाचं पाणी वापरा. धुण्याचं शेवटचं तांब्याभर पाणीही तेच. निळीनंतर पहिले काही दिवस केसांना तेल नको, शॅम्पू आठवड्याला एक-दोनदाच आणि तोही सौम्य. पोहायला जात असाल तर तलावातलं क्लोरीन नीळ लवकर उडवतं. आधी निळीचा रंग जातो आणि मेंदी मागे राहते, म्हणून दोन आठवड्यांत ‘लाल पडतं’.

पहिल्या दोन-तीन वेळा पूर्ण केस करा. नंतर दर ३-४ आठवड्यांनी फक्त मुळं, मेंदी ५० आणि नीळ ५० ग्रॅम पुरते. दर वेळी टोकापर्यंत ओढत नेलंत तर टोकं काळीकुट्ट आणि मुळं तपकिरी अशी दोन रंगांची वेणी होईल.

उरलेली कालवलेली मेंदी फ्रीझरमध्ये टिकते. कालवलेली नीळ कुंडीत ओता.

आणि माका, जास्वंद, ब्राह्मी यांच्या तेलाने पांढरे केस काळे होतील या आशेवर राहू नका. चोळायला छान, रंगाशी संबंध नाही. बीट आणि कॉफी पहिल्या धुण्यालाच मोरीत जातात.