विषय: लेकरांच्या पायथनसाठी मराठी शब्द

मंडळी, नमस्कार.

सुट्टीला लेकरांना घेऊन औशाला आजोळी आले आहे. थोरली पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकतेय, सध्या स्ट्रिंगवर, म्हणजे चिन्हांच्या माळेवर आहे. अक्षरं मोजा, शब्द उलटा करा, दोन्हीकडून सारखा वाचता येतो का ते तपासा, असा सराव. आजोबा म्हणाले, मराठी शब्द घालून बघ की. 'नयन' घातला, बरोबर आला. 'नवीन' मात्र चुकीचा ठरवला. असं का होतं, कुणी सांगेल का?

---

उत्तर: लेकरांच्या पायथनसाठी मराठी शब्द

ताई, नमस्कार. मी इथं नांदेडला मुलांना हेच शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीला १२८ क्रमांकांचा पट्टा आहे. त्यात व्यंजनाचा क्रमांक वेगळा, काना-मात्रेचा वेगळा. 'वी' आपल्याला एक अक्षर, पायथनला दोन चिन्हं. शब्द उलटला की वेलांटी व च्या आधी येते, मागच्या न ला चिकटते आणि 'नीवन' होतं. 'नयन'मध्ये काना-मात्रा काहीच नाही, म्हणून तो सुटला. तिला 'मराठवाडा' उलटायला सांगा. आपल्या हिशेबाने अक्षरं ५, लेन ही लांबी मोजणारी आज्ञा सांगेल ८, आणि उलटलेल्या शब्दाच्या सुरुवातीला एकटा काना ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेला दिसेल. 'हिंगोली'त तर वेलांटी दिसते ह च्या आधी, साठवलेली असते ह च्या नंतर. हे लेकरांना फार आवडतं.

उपाय तिलाच लिहू द्या. रिकामी यादी घ्यायची, शब्दातलं एकेक चिन्ह बघायचं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार असेल तर यादीतल्या शेवटच्या अक्षराला जोडायचं, नाहीतर नवीन अक्षर म्हणून टाकायचं. मग यादी उलटायची. 'ती होडी जाडी होती' मधल्या मोकळ्या जागा रिप्लेस या बदल करणाऱ्या आज्ञेने काढून हे चालवा, दोन्हीकडून सारखं येईल. यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले कोड, मिळतात, पण आत्ताच देऊ नका. हातानं केलं की पक्कं बसतं.

आणि औशातच आहात, तर हाही सराव घ्या. गावावरून आडनाव करायचं. लातूर, उदगीर, परभणीला नुसतं 'कर' जोडलं की झालं. औशाला 'औसेकर' लागतं. 'औसा'चं शेवटचं एक चिन्ह कापा, फक्त काना जातो, स जागेवर राहतो. मग मात्रा आणि 'कर' जोडा. उलटताना काना सुटा असल्याचा त्रास झाला, इथं त्याचाच फायदा.

---

उत्तर: लेकरांच्या पायथनसाठी मराठी शब्द

काका, खूप आभार. होडी जमली, औंढ्याचे औंढेकरही झाले. आजोबा गावांची नावं सांगत होते, ती टाइप करत होती. पण 'रस्ता' उलटला तर 'ता्सर' आला.

---

उत्तर: लेकरांच्या पायथनसाठी मराठी शब्द

ताई, छान शब्द काढला तिनं! पाय मोडण्याचं चिन्हही वेगळं साठवलेलं असतं. तेही मागच्या अक्षराला जोडायचं, आणि यादीतलं शेवटचं अक्षर त्या चिन्हावर संपत असेल तर पुढचं व्यंजनसुद्धा त्यालाच जोडायचं. 'स्तार' येईल. नंतर 'लक्ष्मी' घालून बघा, तिथं हाच नियम दोनदा लागतो.