मदत हवी आहे : १९७१ च्या ‘विक्रांत’वरील विमाने

डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात असलेल्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेची १:७०० प्रमाणातील, सुमारे ३० सेंटीमीटर लांबीची प्रतिकृती मी करत आहे. मुंबईत मूळ नौका संग्रहालय असताना काढलेली माझी छायाचित्रे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांत नंतर बसवलेला चढता रॅम्प दिसतो. सी हॅरियर विमाने १९८३ नंतरची, म्हणून तीही वगळली आहेत. सी हॉक आणि अलिझे ही विमाने निश्चित आहेत. सी हॉक जेमतेम १७ मिलिमीटर रुंद होते, तरी पंखांवरील वर्तुळचिन्ह स्पष्ट दिसते, त्यामुळे रंगात तडजोड नको आहे. कॉक्सबाजार आणि चितगाववरील हल्ल्यांच्या वेळी सी हॉकच्या वरच्या व खालच्या बाजूंचे रंग नेमके कोणते होते, आणि डेकवर उभ्या अलिझेंचे पंख दुमडलेले दाखवावेत का?